धुरपताबाईंचा हुरडा

पेडगावच्या धुरपताबाईंच्या हुरड्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या हाक मारून बसवायच्या आणि पोट भरलं म्हटलं की आणखी ओंजळभर वाढायच्या. नवरा लवकर गेला, शेती एकटीनं ओढली. त्यामुळे आवाज खणखणीत आणि हुकूम शेवटचा. खाऊ घालायला हात मोकळा, पण विहिरीचा दोर कुणी धरायचा हे त्याच ठरवायच्या.

आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठातली पोरं. त्या वर्षी आफ्रिकेतल्या दुष्काळाचे फोटो पेपरात आले आणि हॉस्टेलवर कुणाला घास गोड लागेना. सगळे मिळून जगाची भूक मिटवायला निघालो. वयच तसं होतं. भुजंगनं पिंगळीच्या एका म्हातारीच्या कणगीतून, कोरड्या सालीही दाणा धरणारी ज्वारी हुडकून आणली होती. तिचं शुद्ध बियाणं वाढवून तिकडं पाठवायचं, असा बेत. धुरपताबाईंनी रानाचा कोपरा दिला. आम्ही होतं तेवढं पेरलं आणि वाऱ्यानं दुसऱ्या ज्वारीची भेसळ होऊ नये म्हणून कणसांना कागदी पिशव्या बांधल्या.

पौषात बाईंचे व्याही मुक्कामी आले. दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात पोचलो, तर ज्वारीची ताटं उभी आणि कणसं गायब. हुरडा भाजायच्या आगटीजवळ आमच्या पिशव्या पडलेल्या.

"लय गोड निघाला रे हुरडा," बाई कौतुकानं म्हणाल्या. "पावण्यासाठी चांगली चांगली कणसं झाकून ठिवली तुमी. लेकरं असावीत तर अशी!"

भुजंग एकेक पिशवी उलटून दाणा शोधू लागला. आमच्यातल्या एकुलत्या एक मुलीनं, पंचफुलानं, पिशव्या कशासाठी होत्या ते सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी म्या उपाशी लेकरायच्या तोंडचं भाजून खाल्लं?"

पंचफुला ताटं न्याहाळत होती. "मुळं जिती हायत, मावशी. छाटून पाणी दिलं तर खोडवा फुटंल. कणसं ह्याच ज्वारीची येतील."

विहिरीत पाणी थोडं. इंजीन लावलं असतं तर घटकेत तळ दिसला असता. म्हणजे बादलीनं शेंदायचं आणि हातोहात न्यायचं. आम्ही रांग धरली. भुजंग मात्र लांबच उभा राहिला. तो दलित वस्तीतला. नामांतराच्या वादानं तेव्हा गावोगाव मनं फाटलेली, आणि या विहिरीवर त्याला पाणी वरून ओतून मिळायचं. त्याची ज्वारी तेवढी सगळ्यांनी चवीनं खाल्ली होती.

पंचफुलानं बादली खाली ठेवली. "भुजंग रांगेत न्हाई, तर आमी बी न्हाई."

आम्ही सगळे हात बांधून उभे राहिलो. व्याही बघत होते. व्याह्यांसमोर हट्ट सोडायचा म्हणजे काय, ते लेकीच्या आईलाच विचारा. बाईंनी पदर खोचला, दोर उचलला आणि भुजंगच्या हातात दिला. "शेंद लेकरा. ज्वारी तुजी हाय."

भुजंगनं दोर धरला, पण ओढला नाही. "आजच्यापुरतं का, मावशी?"

"विहीर हाय तवर."

मग त्या स्वतः त्याच्याशेजारी रांगेत उभ्या राहिल्या. त्याच्या हातातली बादली त्यांच्या हातात, त्यांची माझ्या. पुढं तीन महिने ती रांग चालली, आणि प्रत्येक वेळी मला ते खरं वाटायचं नाही.

खोडवा फुटला. कणसं मुठीएवढीच, पण भरलेली. पिशव्या या वेळी बाईंनीच बांधल्या. चैत्रात व्याही पुन्हा आले आणि सवयीनं त्या कोपऱ्याकडं वळले. बाई आडव्या झाल्या.

"जेवा, दूध प्या, पावणं. पर ह्या कणसाला हात लावू नका. लांबची लेकरं उपाशी हायत."

हुरड्याला धुरपताबाईंनी नाही म्हटलं! बाईंनी वळून विहिरीकडं हाक दिली,

"भुजंग, पावण्याला पाणी आण."