मास्तर साहेबाला घाबरले नव्हते

किहीमजवळच्या आमच्या शाळेत गोरा साहेब तपासणीला आला, तेव्हा थोरले मास्तर इंग्रजी भाषण वाचताना सारखे अडखळले. साहेबाला घाबरले, असं गावात अजून सांगतात. ते खरं नाही.

भाषण त्यांनी स्वतः लिहिलं होतं. इंग्रजी मराठी वळणाचं, ओबडधोबड, पण त्यांना तोंडपाठ. आदल्या दिवशी त्यांनी ते मला, नव्या मॅट्रिक मास्तराला, दाखवलं. मी हौसेनं एकूण एक वाक्य साहेबी करून दिलं. रात्रीत ती वाक्यं त्यांच्या जिभेवर बसली नाहीत. मुलं हसली.

घरी जाताना म्हणाले, "तुझं इंग्रजी चांगलंच आहे रे. माझं मला वाचता तरी आलं असतं."

पुढं त्यांनी कधी भाषण केलं नाही. गाव हसत राहिलं. मी गप्प राहिलो, आता त्याचाही शीण होतो.