आषाढातली होडी

आनंदीबाईंनी तीस वर्षं रत्नागिरीतल्या पोरांना चित्रकला शिकवली, पण स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या हाती दिलं ते निवृत्तीनंतर, २००१ साली, एकदाच. वाचनालयाच्या नव्या दालनासाठी. जलरंगातला बुरोंडीचा समुद्र, आषाढातला, लाल मातीने गढुळलेला, क्षितिजापर्यंत मोकळा. कडेला वाळूवर नारळाच्या विणलेल्या झापांखाली झाकून ठेवलेल्या होड्या.

"जरा भकास वाटतो हो, बाई," कार्यवाह चारुदत्तराव म्हणाले. "मध्ये एखादं शीड घातलंत तर?"

"नाही. लावायचं तर असंच लावा, नाहीतर परत द्या."

चारुदत्तराव हसून बरं म्हणाले. अशी हसून बरं म्हणणारी माणसं फार वाईट. भांडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

उद्घाटनाला बाई गेल्या, तर समुद्राच्या मधोमध पांढऱ्या शिडाची होडी. बाईंच्याच जुन्या विद्यार्थ्याकडून, विनीतकडून, ती रंगवून घेतलेली. वर कौतुकाची अपेक्षा.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बुरोंडी त्यांचं माहेर. तिथे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात होडी घालत नाही. त्यांचा धाकटा भाऊ सलिल एका आषाढात पैजेखातर गेला. होडी मिळाली, सलिल मिळाला नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी बाईंनी तो समुद्र कागदावर मोकळा केला होता.

"विनीत, चित्र खाली घे. काच काढ."

पाहुणे बघत राहिले. बाईंनी पेल्यातल्या पाण्यात रुमाल बुडवला आणि शीड पुसायला घेतलं.

"बाई, लोक जमलेत," चारुदत्तराव कुजबुजले. "आणि रिकामा समुद्र अशुभ दिसतो हो."

"अशुभ?" बाईंचा हात थांबला नाही. "मी सांगत्ये ऐका. आषाढात समुद्र रिकामा असतो, तेव्हा सगळे आपापल्या घरी जेवत असतात. तुम्ही कुणाच्या पोराला बाहेर काढलंत?"

होडी गेली, पण कागद खरवडला गेला आणि पाण्यावर फिकट चट्टा उरला. विनीतचे डोळे भरून आले होते.

"मी बुजवून देतो, बाई. कळणारसुद्धा नाही."

"हात लावू नकोस. असंच टांग," बाई म्हणाल्या. "कुणी विचारलं तर सांग, इथे एक पोरगा गेला होता. बहिणीने त्याला घरी आणला."