दांडीची गच्ची

एमआयडीसी आल्यापासून आमचे हे बोईसरला घरांची डिझाइनं करायचे आणि दिवसभर घरमालकांवर करवादायचे. माझे कान किटले होते. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या सुलूबाई कोळणीने आपल्या नव्या घराच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "गच्चीवर गर्दी हाय आनि वादळ पन सुटलं, तर दोन्ही झेपंल ना?"

हे उखडलेच. "गर्दीचा आणि वाऱ्याचा भार हिशेबात एकदम पूर्ण धरत नसतात, बाई! लोखंड किती वाढेल? आणि वादळात गच्चीवर कोण कडमडणार?"

पुढच्या वर्षी आम्ही सुलूबाईकडे गेलो असतानाच वादळ सुटलं. बघतो तर गच्ची बायकांनी भरलेली. हे अंगणातून ओरडले, "उतरा आधी खाली! एवढ्या वाऱ्यात वर काय ठेवलंय?"

समुद्रावरची नजर न हलवता सुलूबाई म्हणाली, "आमच्या होड्या आजून आल्या नाय."