सुरांना अस्तर लावणारे दत्ताभाऊ

फोन आला तेव्हा मी कोलंबी सोलत होते. हात ओले, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडे दत्ताभाऊंची मुलगी, शोभा. "मावशी, बाबा गेले. सकाळी चहा प्यायले, आणि..." कोलंबी तशीच टाकून मी हात धुतले आणि निघाले. त्याला आता सव्वा महिना होईल. दत्ताराम मांडवकर म्हटलं की रत्नागिरीकरांना राम आळीतले शिंपी आठवतात. मला मात्र ते आठवतात एकावर एक मांडलेल्या दोन कीबोर्डांमागे, मापाची टेप गळ्यात तशीच विसरलेली... आणि त्यांचे पाय. आज त्या पायांबद्दलच लिहायचं आहे.

ऐंशीच्या दशकात आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. दिवसा मी शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी गायचे. दत्ताभाऊ पायपेटी वाजवायचे. दिवसभर पायाने शिलाई मशीन, संध्याकाळी पायानेच पेटीचा भाता. माणूस खुर्चीत बसून मैलोन् मैल चालायचा. मग आमचे मालक शेट्ये यांनी आखातातून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून दोन कीबोर्ड घेतले. बटण दाबलं की व्हायोलिन, बटण दाबलं की बासरी. पायांना काही कामच उरलं नाही, पण भाऊंचे पाय काही थांबेनात. कीबोर्डखाली रिकाम्या जमिनीवर वर-खाली, वर-खाली. "भाऊ, भाता कसला मारताय?" मी चिडवायचे. "काय करू बाय," ते ओशाळून म्हणायचे, "माजे पाय गप ऱ्हात नाय."

खरी अडचण वेगळीच होती. गाणं चालू असताना आवाज बदलायचा म्हणजे पहिला आवाज तोडल्यासारखा बंद व्हायचा आणि दुसरा धाडकन अंगावर यायचा. जयगडच्या कार्यक्रमात तर कहर झाला. मी अंगाई गात होते, भाऊंचा बासरीऐवजी भलत्याच बटणावर हात पडला आणि ट्रम्पेट असं काही कडाडलं की पाळण्यातलं बाळ सोडा, बंदरावरचे खलाशीसुद्धा उठून बसले असतील. लोक पोट धरून हसले. परतताना टेम्पोत शेट्ये म्हणाले, "पुढच्या प्रयोगाला मुंबईचा वादक येतोय. पहिल्या रांगेत बसेल. त्या दिवशी जमलं नाही, तर भाऊ, तुम्ही आपली मशीन सांभाळा." मला राग आला तो भाऊंचाच, हा माणूस एक शब्द का बोलत नाही म्हणून!

चार दिवसांनी दुकानात गेले, तर भाऊ एका कोटाला अस्तर लावत होते. मला बघून त्यांनी तो कोट उलटा करून माझ्यासमोर धरला. "बाय, ह्ये बग. अस्तर कुनाला दिसत नाय. पन काडलंस तर कोट अंगावर बसंल काय? मी येक आवाज कापतो नि मग दुसरा लावतो, थितंच चुकतंय. जुना कापायच्या आदी नवा खालनं जोडाय होवा." दोन्ही हात दोन कीबोर्डांवर गुंतलेले, मोकळे काय, तर पायच! त्यांनी दोन जुन्या मशिनींच्या पायाखालच्या फळ्या काढल्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुनीरभाईंनी त्यांच्याखाली आवाज कमी-जास्त करायची बटणं बसवून दिली. डावा पाय खालच्या कीबोर्डला, उजवा वरच्या. फळी दाबली की आवाज वर येणार, सोडली की विरणार. कुठल्या गाण्यात कुठला आवाज, याच्या खुणा कीबोर्डवर कापड आखायच्या खडूने. गाणं संपलं की पुसायच्या, नव्या मारायच्या. त्या महिन्यात राम आळीत कुणाचाही ब्लाऊज वेळेवर मिळाला नाही. माझाही नाही.

प्रयोग शाळेच्या मैदानावर होता. पहिल्या रांगेत मुंबईचा वादक, चकचकीत बूट घालून, पायावर पाय टाकून. पहिल्या तीन गाण्यांत व्हायोलिन कधी आलं आणि बासरी कधी मिसळली, ते कुणाला कळलंही नाही. मग माझी अंगाई, जयगडचीच. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर गेले आणि माझा आवाज चिरकला. साफ चिरकला. पुढचा शब्द फुटेना. भाऊंनी मान वर केली नाही. डाव्या पायाखालून व्हायोलिन हलकेच वर आलं, मग उजव्या पायाने बासरी, आणि माझी अर्धी राहिलेली ओळ त्यांनी वाजवून पुरी केली. मी श्वास घेतला. त्यांनी उजवा पाय हळूहळू उचलला, मला जागा करून दिली. मी पुन्हा त्याच सुरावर गेले, आणि या वेळी लागला! टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, चाल मुळातच तशी बांधलेली आहे.

कार्यक्रम संपल्यावर मुंबईचे गृहस्थ स्टेजवर आले आणि वाकून आधी कीबोर्डखाली बघायला लागले. बूट काढले, स्टुलावर बसले, फळ्यांवर पाय ठेवले. व्हायोलिन गरजलं, बासरी गायब झाली. तेही हसले, आम्हीही. मग शेट्यांना म्हणाले, "मला कशाला बोलावलंत? ह्यांच्याकडून शिकायला? तसं असेल तर राहतो दोन दिवस." आणि खरंच राहिले. जाताना भाऊंनी त्यांना पँट शिवून दिली. पुढच्या जाहिरातीत शेट्यांनी भाऊंचं नाव माझ्या नावाच्या वर छापलं. मी कुरकुरले, पण तो कागद आजही जपून ठेवला आहे.

परवा दुकानात गेले होते. शोभाच चालवते आता. तिच्या मशीनला मोटर आहे, एका पायाचं काम. पण बघते तर दुसरा पायही रिकाम्या जमिनीवर वर-खाली, वर-खाली. "अगं, हा कशाला हलवतेस?" ती ओशाळली. "काय करू मावशी, गप ऱ्हात नाय." मला एकदम ती अंगाई आठवली. तिथेच बाकावर बसून म्हणायला लागले. आता सत्तरीचा गळा. दुसऱ्या कडव्यात, त्याच जागी आवाज चिरकला. शोभाने मान वर केली नाही, मशीन थांबवलं नाही. फक्त पाय हलका केला, आणि मशीनची बारीक घरघर खालून चालू राहिली. मी श्वास घेतला आणि पुन्हा त्या सुरावर गेले.