नवी पिचर आणली तो हंगाम

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या टीममध्ये पिचरच उरली नाही.

बालाघाटमध्ये बायकांची बेसबॉलची टीम आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे क्रिकेटच ना? मी नाही म्हणते आणि विषय बदलते. इथे एवढंच सांगते, की पिचर म्हणजे मधल्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारी आणि कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून तो झेलणारी. मी कॅचर. एका खासगी शाळेत मुलींना खेळ शिकवते आणि उरलेल्या वेळात या टीमसाठी उकिडवी बसते. अकरा वर्षं झाली. माझे गुडघे जिना चढताना वाजतात.

आमच्या दोन पिचर होत्या. एकीचं लग्न झालं आणि ती गोंदियाला गेली. गोंदिया तसं जवळ, पण सासरच्यांना तिचं चेंडू फेकणं पटण्यातलं नव्हतं. दुसरीला जबलपूरला नोकरी लागली. राहिली एक, तीसुद्धा मूळची मैदानाच्या कडेला उभी राहून उंच चेंडू पकडणारी. तिला आम्ही ओढूनताणून फेकायला शिकवत होतो. तिचा दर तिसरा चेंडू अंपायरच्या कानाजवळून जायचा.

टीम उभी केली ती सरांनी. सर म्हणजे निवृत्त पीटी शिक्षक, सत्तरीच्या आसपासचे, अजून शिट्टी गळ्यात घालून बाजारात जाणारे. हंगाम नसलेल्या महिन्यांत ते स्कूटरवरून जिल्हाभर फिरून खेळाडू गोळा करायचे. त्या वर्षी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या वसाहतीतून त्यांनी एक इंजिनीअरची बायको आणली, कॉलेजात खेळलेली. खैरलांजीकडच्या एका गावातून कबड्डी खेळणारी एक आणली, पायात वारं असलेली. पण पिचर काही सापडेना.

"एक नाई, दोन लागतेत," सर म्हणायचे. "एकीचा हात थकला का दुसरी तयार पायजे. नाई तं मंग बाकीच्या आठजनी काय करतीन?"

राखीव पिचर जिथे हात गरम करत बसतात त्या जागेला बेसबॉलमध्ये बुलपेन म्हणतात. आमचं बुलपेन पाण्याची टाकी आणि मैदानाची भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात होतं. त्या पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत माजलं आणि ते तुडवायला कुणी नव्हतं.

मग एके दुपारी सरांचा फोन आला. "बाई, पिचर भेटली. बैहरले हाय. वनरक्षक हाय ते. आधी नागपूरच्या क्लबकडून खेळत होती. दोन सालापासून कोनाकडच नाई."

"नागपूरच्या क्लबमधली, आणि दोन वर्षं कुणी घेतली नाही?" मी विचारलं. "काहून?"

"क्लब बंद पडला म्हन्ते."

सर हे इतक्या पटकन म्हणाले, की मी पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसने बैहरला गेलो. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते आणि ड्रायव्हरने सकाळी दहा वाजता दिवे लावले होते. ती शाळेच्या मैदानावर वाट पाहत उभी होती. वय अठ्ठावीसच्या आसपास, उंच, खाकी पँट, वर साधा टी-शर्ट. माहेर खैरलांजीकडचं, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. मी मास्क न लावताच उकिडवी बसले, कारण पहिल्या दिवशी कुणी जोरात फेकत नाही.

तिने फेकलं. चेंडू मला दिसलाच नाही, फक्त माझ्या मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्यात, आवाज झाला. तळवा संध्याकाळपर्यंत लाल होता. सर माझ्यामागे उभे होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

वीसेक चेंडू झाले. ती चहा प्यायला आली आणि तिने कप डाव्या हाताने घेतला. बिस्किटही डाव्या हातानेच. माझ्या ते लक्षात आलं. मी स्वतःला सांगितलं, डावखुरी असेल. पण फेकत ती उजव्या हाताने होती.

ऑक्टोबरपासून ती दर शनिवारी ड्यूटी संपवून बालाघाटला यायची, माझ्याच घरी मुक्काम करायची आणि रविवारी संध्याकाळच्या बसने परत जायची. टीमचा नूर पालटला. ज्या बायका सरावाला अर्धा तास उशिरा यायच्या त्या आधीपासून येऊन बसू लागल्या. ती फेकायला उभी राहिली की गप्पा थांबायच्या.

पण मला घरात वेगळंच दिसत होतं. स्वतःची वेणी ती माझ्या मुलीकडून घालून घ्यायची. उशी उजव्या दंडाखाली घ्यायची. एका सकाळी ती अंगणातल्या दोरीवर टॉवेल टाकत होती. हात खांद्याच्या वर गेला आणि ती तशीच थांबली, डोळे मिटून, टॉवेल हातात लोंबत. मी खिडकीत होते. नंतर तिने टॉवेल डाव्या हाताने टाकला आणि घरात येऊन पोह्यांना छान वास येतोय म्हणाली.

नोव्हेंबरच्या मध्यात चेंडू बदलला. कॅचरला हे सगळ्यांच्या आधी कळतं. वेग तोच, पण चेंडू जिथे मागितला त्याच्या वर यायला लागला. आधी चार बोटं वर, मग वीतभर. फेकून झाल्यावर ती हात झटकायची, पाणी लागल्यासारखा.

अशाच एका रविवारी संध्याकाळी मी तिला बस स्टँडवर सोडायला गेले. बस लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो.

"दंड दुखून राह्यला ना तुहा?" मी विचारलं.

तिने पिशवी डाव्या हाताने मांडीवर ओढली. मग म्हणाली, "हौ. आतून. हाडात."

"कधीपासून?"

"नागपूरले होती तवापासून, ताई. डॉक्टरनं फोटो काढला होता. हाडाले बारीक रेघ हाय म्हने. सहा महिने काही फेकू नोको म्हने."

"मग?"

"मंग काय. क्लबवाल्यायनं दुसरी घेतली." ती हसली. "म्या नाई राहू शकली, ताई. जंगलात गस्तीले जातो ना, तं रस्त्यात एक साजाचं झाड हाय. त्याले गोटे मारो मी. रोज. पन्नास-पन्नास. कोनी पाहात नाई तिथं."

डॉक्टरने विश्रांती सांगितलेला हात दोन वर्षं झाडाला दगड मारत होता.

"सरांना सांगू?"

तिने माझं मनगट धरलं, डाव्या हाताने. "नोको सांगू. स्पर्धा होऊ दे. मंग मीच थांबतो. आनभाक घेऊन सांगतो."

मी हौ म्हटलं. आज मला वाटतं, मी तिच्यावर दया केली असं काही नव्हतं. दरवर्षीची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. अकरा वर्षांत आम्ही पहिल्या फेरीच्या पुढे गेलो नव्हतो. आणि बुलपेनमध्ये अंपायरच्या कानाजवळून फेकणारी एकच मुलगी होती. मी हिशोब केला आणि गप्प बसले.

अगदी गप्प बसले असंही नाही. सरांना एवढंच म्हटलं, "अजून एक पिचर पाहा ना. हिच्यावर सगळा भार नको." सर कटंगीला जाऊन आले. तिथे एक होती, पण धानाची कापणी सुरू होती आणि ती शेतातून हलायला तयार नव्हती. "आता हायेत त्यायच्यावरच भागवा लागते," सर म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

स्पर्धा आमच्याच मैदानावर झाली. डिसेंबरची सकाळ, भिंतीपलीकडे धुकं, गवतावर दंव. पहिला सामना आम्ही जिंकलो. ती सातही डाव फेकत राहिली. संध्याकाळी माझ्या घरी तिला जेवताना घास उचलता येईना. माझ्या मुलीने विचारलं, "मावशी, तू चमच्यानं काहून खात नाही?" ती म्हणाली, "भूक नाई गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा सामना. चौथ्या डावापर्यंत आम्ही एका धावेने पुढे होतो. पाचव्यात तिने सलग तीन चेंडू भलतीकडेच टाकले. मी वेळ मागितली आणि मास्क डोक्यावर सरकवून तिच्याजवळ गेले. थंडीत तिच्या कपाळावर घाम होता.

"सरांना सांगते. बदलून घेतील," मी म्हटलं.

"कोनाले आनतीन?" ती म्हणाली.

मी टाकीकडे पाहिलं. आमची राखीव मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरंफटक. मग सरांकडे पाहिलं. ते दोन्ही हात मागे बांधून जमिनीकडे पाहत होते.

"हा एकच डाव," ती म्हणाली. "जा, बस."

मी गेले आणि बसले. कॅचर बोटांनी खूण करून कुठला चेंडू हवा ते सांगते. एक बोट म्हणजे सगळ्यात वेगाचा. मी सावकाश चेंडू मागू शकत होते. समोरच्या बॅटवालीला सावकाश चेंडू आवडतो, हे मला पहिल्या डावापासून माहीत होतं. मी एक बोट दाखवलं.

तिने पाय उचलला, हात मागे नेला, आणि फेकताना आवाज झाला. वाळलेला बांबू गुडघ्यावर मोडावा तसा. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या बायकांनीही तो ऐकला. चेंडू दोन-तीन पावलांवर पडला आणि घरंगळत माझ्याकडे आला. ती ओरडली नाही. खाली बसली आणि डाव्या हाताने उजवा दंड पोटाशी धरून त्याच्याकडे पाहत राहिली. कोपर जिथे असायला हवं तिथे नव्हतं.

खांदा आणि कोपराच्या मधलं हाड मोडलं होतं, पिळवटून. बालाघाटच्या दवाखान्यात हात बांधला आणि तिला गाडीने नागपूरला नेलं, मी सोबत गेले. तिथे ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवली, स्क्रू लावले. शुद्धीवर आली तेव्हा तिला पंजा वर उचलता येत नव्हता. हाडाला चिकटून जाणारा मज्जातंतू दुखावला होता. ताकद परत येईल, डॉक्टर म्हणाले. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

परतल्यावर मी सरांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात बसले होते, गळ्यात शिट्टी नव्हती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की तिच्या हाडाला रेघ होती, मला तीन आठवडे आधीपासून माहीत होतं, आणि शेवटची खूण मीच केली.

सरांनी दाढीवरून हात फिरवला.

"मलेबी माहीत होतं, बाई," ते म्हणाले. "नागपूरच्या कोचनं मले पहिल्याच फोनवर सांगतलं होतं. म्हनूनच तं ते मोकळी होती. नाई तं असी पिचर आपल्याले कोन देते?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला आणि तो तसाच निवला.

ती सहा महिने रजेवर होती. मग खात्याने तिला गस्तीऐवजी रोपवाटिकेत बसवलं. जुलैत मी तिला भेटायला गेले. पंजा बऱ्यापैकी वर येत होता, फक्त अंगठा आळशी होता. ती रोपांच्या पिशव्यांत माती भरत होती आणि मला पाहून उठली.

मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं बोलले. सरांचं नाही सांगितलं, माझंच सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, तू एक बोट दाखवलं. म्या मुंडी हलवून नाई म्हनू शकत होती. पिचरले तेवढा हक्क असतेच. म्या नाई हलवली." पुन्हा माती भरायला बसत म्हणाली, "पन तू नसतं दाखवलं तं बरं झालं असतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. मी मान खाली घातली.

मग तिने विचारलं, टीम यंदा आहे का. मी सांगितलं, आहे. कटंगीची पिचर आली आहे, एकोणीस वर्षांची. सरांनी तिला आठवड्यातून चार दिवस फेकायला लावलं आहे. मी खेळणं सोडलं, पण सरावाला जाऊन बसते.

"तिचा हात पाह्यला?" तिने विचारलं.

"पाहते," मी म्हटलं. "मागच्या रविवारी ती डबा डाव्या हाताने उघडत होती."

ती माती भरायची थांबली. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता, म्हणून जवळ सरकून म्हणाली, "मंग तू अजून इथं काय करून राह्यली?"

बालाघाटची बस साडेतीनला होती. मी छत्री उघडली आणि स्टँडकडे धावत निघाले.