कालवांच्या खाडीतून मामांना घेऊन येताना

मामांचा फोन आला. "पोरी, गाडी घिऊन ये. मला रहिमतपूरला सोड."

मालवणजवळच्या एका खाडीत मामा-मामी दोरांवर कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवतात. फौजेतून निवृत्त झाल्यावर मामा मामीच्या माहेरी गेले ते तिथलेच झाले. त्यांना आपल्या गावी, रहिमतपूरला परत यायचंय म्हटल्यावर मी कारण विचारलं नाही. सकाळीच सांगली सोडली.

कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा रस्ता. तुम्ही जाणार असाल तर राधानगरीतच पोटभर खाऊन घ्या, पुढं जंगलात चहाचीही खात्री नाही. घाटात धुकं होतं. दिवे लावून सावकाश उतरले आणि दुपारी खाडीवर पोचले.

खाडी नेहमीसारखीच देखणी. कांदळवन, बगळे, संथ पाणी. फोटो बघून इथं काही बिघडलंय हे कुणाला पटणार नाही. मामी होडीतून दोर वर ओढत होती. त्याला नखाएवढी कालवं चिकटलेली. तिनं एक अंगठ्यानं दाबलं, ते पापडासारखं मोडलं.

"आधी ही फोडूक कोयतो लागायचो," ती म्हणाली.

पिल्लं दोराला धरतात, पण कवच जाड व्हायच्या आत मरतात, नाहीतर खेकडे खातात. गेले काही हंगाम हेच चाललंय. पाणी तपासायला आलेल्या एका संशोधक बाईंनी मामांना समजावलं होतं: कारखान्यांच्या, गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो, पाणी हळूहळू आम्लाकडं झुकतं आणि कवच बांधायला लागणारा चुना या जिवांना पुरेसा मिळत नाही. या खाडीत सगळा दोष त्याचाच, असं मात्र त्या ठामपणे म्हणाल्या नाहीत. मी ओंजळीतलं पाणी जिभेला लावून पाहिलं. खारटच लागलं.

संध्याकाळी जेवताना मामांनी विषय काढला. "लय बघितलं. न्हाई जमत आता. गावाकडं शेत हाय, दोघं राहू."

मामी भात वाढत राहिली. "तुमी जावा. माझी आई ह्याच खडकार कालवां काढी. माका खंय जावचा नाय."

"आगं, हितं राहून करणार काय?"

"खाडीक बघूक तरी कोण व्हया."

मामा ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घासही घेतला नाही.

सकाळपर्यंत दोघांतलं एक जण नमेल असं मला वाटलं होतं. कुणीच नमलं नाही. मामीनं मामांच्या गोळ्या आणि स्वेटर पिशवीत भरला, पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही निघायच्या आधीच ती होडीकडं गेली. घाट चढून आल्यावर मामांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "तिला पवता येत न्हाई नीट."

त्यांना रहिमतपूरला सोडून मी घरी आले. परवा त्यांचा फोन आला. मामीनं उरलेले दोरही काढून काठावर वाळत टाकलेत, तरी ती यायला तयार नाही.

ती खाडी बघायला जावं का, असं माझे फोटो बघून आता ओळखीचे लोक विचारतात. जरूर जा. काठावर एकटीच बाई बसलेली दिसली तर तिच्याशी दोन शब्द बोला. दिवसभरात तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नसतं.