सातवर बसलेला काटा

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या साखर कारखान्यातला पीएच मीटर तपासायला ते नगरहून मोटारसायकलवर आले होते. उसाच्या रसात चुना किती घालायचा, ते आम्ही त्या मीटरवर ठरवतो. काटा सातवर हवा, आणि आमचा हंगामभर सातवरच होता. मी तर न बघताच रजिस्टरात सात लिहायचो.

त्यांनी रसातून मीटरची काचेची कांडी काढली, धुतली आणि मऊ कागदानं टिपली. मी ती फडक्यानं खसाखसा पुसायचो. "पुसायचं न्हाई, टिपायचं. लेकराचे डोळे टिपतो तसं," ते म्हणाले. मग कॅन्टीनमधून लिंबू मागवून त्यांनी कपात पिळलं आणि कांडी त्यात बुडवली. सात. चुन्याच्या निवळीत बुडवली. पुन्हा सात.

मला वाटलं, आता हसतील. ते हळूच म्हणाले, "जित्ती कांडी जरा हालतीच, सायेब. एकाच आकड्यावर निवांत बसली, की समजायचं, मेली."

नवी बसवल्यावर त्यांनी जुनीसुद्धा धुतली, टिपली, टोपी घालून खिशात ठेवली. "हिनं बी लई रस बगितलाय."

ते गेले तेव्हा रसात काटा सहाच्या खाली थरथरत होता, म्हणजे चुना कमी पडत होता.

साखर पिवळी पडते म्हणून आम्ही चुन्यावरच्या म्हाताऱ्या मामांना तिथून काढून गोदामात टाकलं होतं. "रस निवळंना, चुना वाढवू का?" असं मामांनी मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी त्यांना मीटर दाखवला होता.